बोंडअळीचं आमंत्रण

माणसाने फजिती जरूर करून घ्यावी. पण दारात साठ माणसं उभी आणि घरात एक वाटी भात शिजतोय, अशा मुहूर्तावर करून घेऊ नये, एवढंच माझं सांगणं आहे. तुम्ही चहा घ्या. मी सांगतो.

मी चिखलीचा पत्रिकावाला सुधाकर. पंचवीस वर्षं लग्नाच्या पत्रिका छापल्या. गावातल्या अर्ध्या संसारांचा पहिला कागद माझ्या हातचा आहे. पुढे त्यांचं जे झालं त्याला मी जबाबदार नाही. मग लोक मोबाईलवरच पत्रिका धाडायला लागले आणि माझं छपाईचं मशीन तोंड पाडून बसलं. तेव्हा मी संगणकावर पुस्तकं बनवायला शिकलो. मोबाईलवर पानं उलटायची, चित्रं मोठी करून बघायची आणि आवडलं तर एक बटन दाबून दुसऱ्याला शेअर करायचं, असली पुस्तकं. एक पुस्तक बनवायला आठ दिवस लागतात. गिऱ्हाइकाला ते बटन समजावून सांगायला पंधरा!

असंच एक गिऱ्हाईक म्हणजे धाड गावचे रफिकभाई. बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं. त्या वर्षी कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली होती. वरून बोंड हिरवंगार, टणक. फोडून पाहिलं की आत अळी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी ऐसपैस बसलेली. बीटी बियाणं लावलं की अळीची काळजी मिटली, असं ऐकून लोकांनी पेरलं होतं, आणि नेमकी त्यातच ही. बियाण्याची कंपनी कुठे तरी लांब, रफिकभाई हाताशी. बाजाराच्या दिवशी लोक किडकी बोंडं आणून त्यांच्या काउंटरवर ओतायचे. म्हणून त्यांनी ठरवलं, 'गुलाबी बोंडअळी: ओळख आणि उपाय' असं पुस्तक काढायचं आणि सगळ्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर धाडायचं. लोकांना कळावं की हा माणूस तोंड लपवून बसलेला नाही.

पुस्तक तयार करून मी धाडला गेलो. दुकानात बसलो. बटन दाखवलं.

"रफिकभाई, हे दाबलं का पुस्तक तुमच्या त्या गिऱ्हाइकाकडे, शेषरावकडे गेलं."

"गेलं?"

"गेलं."

"मंग माह्यापाशी काय राह्यलं?"

"पुस्तक."

"आता तं म्हनले, गेलं!"

"गेलं बी अन् राह्यलं बी."

रफिकभाईंनी चष्मा काढून पुसला. "भाऊ, चाळीस साल झाले मले या गादीवर. माल गेला का गेला. गेलेला माल दुकानातच राह्यला, असं माह्या अब्बानं बी नाही पाह्यलं."

"अवो, तुम्ही मले एखादी खबर सांगितली, तं ती तुमच्यापाशी राह्यतेच ना? तसंच हे."

"बराबर. पण खबर सांगायले बटन कायले लागते? मी समोरच्या हाटेलात अर्धा कप चहा पेतो, शामपर्यंत पुरं धाड जानते."

मी दुसरी सोय दाखवली. पुस्तक पाठवताना वर आपले दोन शब्द लिहिता येतात. आवडलं, नाही आवडलं, जे वाटलं ते.

"खरं खरं लिवाचं?"

"खरंच लिवाचं. खऱ्यालेच लोक मानतात." हे वाक्य मी फार ऐटीत म्हणालो. ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मी नमुना म्हणून पुस्तक त्यांच्याच मोबाईलवर पाठवलं. टुंग वाजलं. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरून वाचलं आणि चेहरा खुलला. "अरे वा! खाली तुमचं नाव बी आलं. पत्ता बी!"

"आलंच पाह्यजे," मी म्हणालो. पंचवीस वर्षं प्रत्येक पत्रिकेच्या तळाला छापणाऱ्याचं नावगाव येतंच की!

"नक्की येतो," रफिकभाई म्हणाले.

"या ना कवाही."

मोबाईल त्यांच्या खिशात गेला आणि मी एसटीत बसलो. इथे तुम्हाला माझ्या धंद्याची एक रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही.

पत्रिकेचा नमुना बनवताना मजकुराच्या जागी काही तरी खोटं भरावं लागतं. उमेदवारीत एकदा मी एका ओळखीच्या घरच्या मुलीचं नाव भरलं आणि समोर वर म्हणून मनात येईल त्या पोराचं. नमुना दुकानाच्या भिंतीवर टांगला. दिवस मावळायच्या आत दोन्ही घरची मंडळी दुकानात! माझ्या शर्टाची कॉलर सोडवायला शेजारच्या शिंप्याला यावं लागलं. तेव्हापासून कानाला खडा: नमुन्यात नाव टाकायचं ते स्वतःचं, पत्ताही स्वतःचा, फोनही स्वतःचाच.

आता हे नवं पुस्तक शेअर केलं की समोरच्याच्या मोबाईलवर एक चौकोन उमटतो. त्यात चित्र, पुस्तकाचं नाव आणि खाली चार ओळी. त्या ओळी मी वेगळ्या लिहून ठेवायच्या असतात. पुस्तक उघडून बसलेल्याला त्या दिसत नाहीत. ज्याला पाठवलं त्यालाच दिसतात. बनवताना त्या जागेत मी नमुना म्हणून हाताला सवयीचं होतं ते भरलं होतं: 'आमचे येथे श्रीकृपेकरून येत्या रविवारी दुपारी बारा वाजता भोजनाचे योजिले आहे. तरी सहकुटुंब सहपरिवार येण्याचे करावे.' खाली माझं नाव, पत्ता, फोन. आणि शेवटी, 'जरूर या. वाट पाहतो.'

'वाट पाहतो' असं पत्रिकेत कोणी लिहीत नाही. ते माझं पदरचं. कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला. त्या दिवशी दुकानात सकाळपासून एकच माणूस आला होता, तोही दवाखान्याचा पत्ता विचारायला. मला त्याला चहा पाजायचा होता. तो थांबला नाही. मग मी त्या चौकोनात लिहिलं, 'वाट पाहतो', आणि पुसायचं विसरलो.

पुढचे चार दिवस मी हवेत होतो. पुस्तक किती वेळा शेअर झालं याचा आकडा माझ्या संगणकावर दिसतो. बारा. चाळीस. एकशे सत्तर! बोंडअळीचं एवढं कौतुक? मला वाटलं, काय मांडणी केलीय आपण!

शनिवारी फोन वाजला.

"पत्रिकावाले सुधाकरभाऊ बोलून राह्यले काय? मी धाडचा शेषराव. उद्या पक्कं हाये ना?"

मला वाटलं, घरात लग्न निघालंय. पत्रिका पसंत करायला आमच्याकडे कधी एकटा माणूस येत नाही. मामा, आत्या, नवरीची मैत्रीण, सगळे जीप करून येतात आणि शेवटी गणपती कुठल्या बाजूला घ्यायचा यावर भांडून परत जातात.

"पक्कं," मी म्हणालो. "मी घरीच हाये."

"जीप करून येऊन राह्यलो. बाया बी हायेत."

"आना ना!"

"देऊळघाटची मावशी हाये एक, तिले बी रस्त्यात घेतो."

"घ्या, घ्या."

"बरं. मंग घरून डबा आनत नाही."

हे ऐकून शहाणा माणूस थबकला असता. मी काय समजलो? की यांना लवकर परतायचं असेल. फोन ठेवल्यावर मी घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान झाडलं, जुन्या पत्रिकांचे अल्बम पुसून ठेवले. कोणी तरी येणार म्हणून झाडायचं, यातही एक मजा असते हो. मी विसरलो होतो.

रविवारी अकरा वाजता मुलीचा फोन येतो. दर रविवारी. "जेवलात का बाबा? कोणी येतं-जातं ना?" मी दर रविवारी सांगतो, "येतात की! बसायला जागा नसते." तिला बरं वाटतं, फोन ठेवते, आणि मी एक वाटी तांदूळ धुतो. त्या दिवशीही धुतला.

पावणेबाराला पहिली जीप आली. मागून दुसरी. मग मोटारसायकली. मग एसटीने उतरलेली माणसं पाण्याच्या टाकीकडून चालत. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत किडकी बोंडं. मी मनात म्हटलं, पत्रिका पसंत करायला हे बोंडं कशाला घेऊन आले?

एक म्हातारी पुढे आली. वाळकी, ताठ, डोक्यावर पदर. हीच ती देऊळघाटची मावशी, गोकर्णाबाई. "मंडप कुठी हाये बाबू?"

"मंडप? कोनाचा?"

तोवर एक उंच, आडदांड माणूस माझ्या खांद्यावरून घरात डोकावून आला. "चूल तं दिसत नाही. मांगच्या अंगाले हाये काय जेवन?" आवाजावरून ओळखलं. शेषराव.

"कशाचं जेवण?"

त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. वर रफिकभाईंच्या दुकानाचं नाव. मध्ये बोंडअळीचा ठसठशीत फोटो. आणि खाली, सहकुटुंब सहपरिवार, मी!

बियाण्याच्या कंपन्या मेळावे घेतात ना? आधी भाषण, मग मसालेभात. लोकांना वाटलं, यंदा अळीवर मेळावा आहे. बोंडं आणली होती ती साहेबांना दाखवायला. आणि साहेब कोण? लुंगीवर उभा असलेला मी.

"अरे, हा तं एकलाच बुढा हाये अठी," कोणी तरी म्हणालं.

शेषरावचा आवाज चढला. "थैलीवर लिवलं होतं अळी येत नाही, आली. अठी लिवलं जेवन हाये, तं चूल थंडी. बियानं बी खोटं अन् आवतन बी खोटं. अन् दोन्ही एकाच दुकानातून!"

गर्दीतून "बराबर हाये!" असा आवाज आला. आणि नेमक्या त्याच वेळी, इस्त्रीचा पांढरा कुर्ता, डोक्यावर टोपी, हातात मिठाईचा डबा, मागे मोटारसायकलवर बेगम, असे खुद्द रफिकभाई अवतरले. "माशाल्लाह! लय गर्दी हाये भाऊ!" मग त्यांनी लोकांचे चेहरे पाहिले आणि हसू आवरतं घेतलं.

मी त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं. सगळं सांगितलं. नमुना, चौकोन, विसरणं. त्यांनी मिठाईचा डबा दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता डबा डोक्यात घालतात.

"म्हंजे," ते म्हणाले, "मले बी बोलावलं नव्हतं?"

मी मान खाली घातली.

"मी घरी सांगितलं, सुधाकरभाऊनं पह्यल्यांदा दावत देली. हिनं नवी साडी नेसली." डबा त्यांनी ओट्यावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, बोंडं तं किडलीच हायेत. हे लोक अठून उपाशी गेले ना, तं उद्यापासून माह्या दुकानाची पायरी कोनी चढत नाही. पाटीवर अब्बाचं नाव हाये."

त्या माणसाचं वडिलांपासूनचं नाव माझ्या विसरभोळेपणावर टांगलेलं होतं. मी बाहेर गेलो आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली: "जेवन हाये! चूल पेटाले उशीर झाला, बस."

माळ्यावर कुसुमचं मोठं पातेलं होतं, तीन वर्षं उपडं पडलेलं. शेषराव आणि आणखी दोघांनी ते खाली उतरवलं. वाण्याकडून तांदूळ-डाळ आली. मागच्या अंगणात विटांची चूल झाली. बेगम नवी साडी खोचून कांदे चिरायला बसल्या. बायकांनी मला डबे कुठे आहेत विचारलं, मी सांगितलं, आणि मग मलाच तिथून हाकललं.

पण खिचडी शिजेपर्यंत लोकांचं काय करायचं?

"तुम्ही भाषण करा," रफिकभाई माझ्या कानात म्हणाले. "मी बोललो तं बोंडं मारतीन."

आता मला बोंडअळीचं काय कळतं? जे टाईप केलं तेवढंच. किडकी बोंडं वेचून नष्ट करा, नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावा, हंगाम संपला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, शेतात उभ्या ठेवू नका. झालं! चौथं वाक्य नाही. समोर साठ माणसं, मागे कच्ची डाळ. मग मी मला येणाऱ्या एकमेव विषयाकडे वळलो. पुस्तक शेअर कसं करायचं!

सव्वा तास बोललो हो. बटन कुठे असतं, चौकोन कसा उमटतो, सगळं. शेषरावने विचारलं, "गेलं तं राह्यते कसं?" आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येकाकडून बटन दाबून घेतलं. वर आपले दोन शब्द लिहायला शिकवलं. "खरं लिवा," मी हात उंचावून सांगितलं. "खऱ्यालेच लोक मानतात!"

गोकर्णाबाई पुढेच बसल्या होत्या. "बाबू, या बटनानं पोराले बोलावता येते काय? माहा पोट्टा पुन्याले हाये. दिवाईले बी आला नाही."

"निरोप जाते मावशी. येनं न् येनं त्याच्या हाती."

"मंग बटन काय कामाचं?"

सुदैवाने खिचडी झाली.

गल्लीत पंगत बसली. मी वाढत होतो. कोणी पाणी मागत होतं, कोणी हसत होतं, कोणी माझ्या ओट्यावर बोंड फोडून शेजाऱ्याला अळी दाखवत होतं. रफिकभाई प्रत्येकापुढे वाकून मिठाई ठेवत होते, आणि ज्यांनी दुकानात आवाज चढवला होता तेच "बस, भाऊ, बस" म्हणत होते. त्यांचं नाव वाचलं. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "ते खालचं लिवनं आजच्या आज काढा."

काढलं. लगेच काढलं. मग घरात शिरलो. सगळं आवरून ठेवलेलं, पातेलं घासून पालथं घातलेलं. मला रडू आलं. उगाच लपवत नाही.

इथे शहाण्या माणसाने थांबावं की नाही? मी थांबलो का?

दोन दिवसांत मी स्वतःचंच एक पुस्तक बनवलं. 'शेअर कसं करावं: सोप्या मराठीत', आठ पानं, मुखपृष्ठावर माझा फोटो. आणि चौकोनात या वेळी जाणूनबुजून, पूर्ण शुद्धीत: 'येत्या रविवारी दुपारी बारा. भोजन. वाट पाहतो.' साठही जणांना धाडलं. आकडा असा पळायला लागला की काय सांगू! बुधवारी शंभर, शुक्रवारी तीनशेच्या वर. मी मनात म्हटलं, सुधाकर, तुझ्या दाराला आता कडी लागणं कठीण आहे.

रविवारी मुलीचा फोन आला. "आज घाईत आहे गं," मी म्हणालो. "साठ माणसं जेवायला आहेत."

"बाबा, खरंच?"

"मग!" या वेळी तरी मी खोटं बोलत नव्हतो.

चूल मीच पेटवली. खिचडी मीच टाकली, एकट्याने, त्या मोठ्या पातेल्यात. बारा वाजले. साडेबारा झाले. टाकीकडे एक जीप वळली, मी उठून उभा राहिलो, ती पुढे निघून गेली. एक वाजला. गल्लीतला कुत्रा आला, पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेला. तीनशेच्या वर माणसांनी बटन दाबलं होतं, आणि अंगणात मी आणि चूल.

मग टुंग वाजलं. माझंच पुस्तक गावोगाव फिरत फिरत माझ्याकडे परत आलं होतं. वर शेषरावचे स्वतःचे दोन शब्द, मी शिकवले होते तसे: 'मानूस चांगला हाये. पन भाषन सव्वा घंटा चालते अन् खिचडीत मीठ नाही. जाचंच असन तं घरून जेवून जा. नाही गेलं तरी चालते.' खाली पुढच्यांनी आपापली भर घातली होती. 'बराबर.' 'मी बी होतो, मीठ नव्हतं.' एकाने नुसते हात जोडले होते.

खऱ्यालेच लोक मानतात!

मी पातेल्यावर झाकण ठेवलं. आता मुलीला काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. गोकर्णाबाई! एसटीने आलेल्या, एकट्याच.

"बाकीचे कुठी हायेत?"

"येतीन," मी म्हणालो. मग राहवलं नाही. "मावशी, तुम्हाले नाही आला काय शेषरावचा निरोप?"

"आला ना, शेजारच्या पोट्टीच्या मोबाईलवर. मले कुठी वाचता येते? तुहा फोटू पाह्यला अन् म्हनलं, बोलावलं आसन."

मी ताट वाढलं. त्यांच्यापुढे बसलो. म्हणालो, "मावशी, लोक कायबी लिवतात हो. त्या दिवशी बायांच्या गडबडीत राह्यलं असन मीठ. आज सारं माह्या हातानं केलं."

त्यांनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. गिळला. मग मायेने, आईने चुकलेल्या पोराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि ताट जरासं माझ्याकडे सरकवलं.

"आंधी मीठ टाक बाबू," त्या म्हणाल्या. "मंग बटन दाबत जाय."